थायरॉइडची तपासणी ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही त्यांच्यासाठी: काय मागायचं, कुठे जायचं, गोळी कशी टिकवायची

थायरॉइडवर नेटवर ढिगाने माहिती आहे, पण ती बहुतेक अशा माणसासाठी लिहिलेली असते ज्याचा ठरलेला डॉक्टर आहे, घराजवळ लॅब आहे आणि सकाळी उठून तासभर काही न खाता-पिता बसायची ज्याला मुभा आहे. मी लिहितेय ते बाकीच्यांसाठी. म्हणजे खरं तर त्यांच्या घरातल्या त्या एका माणसासाठी जो मोबाईलवर हे वाचू शकतो, मग ती लेक असो, सून, भाचा, शेजारीण किंवा आशाताई. कारण माझा अनुभव असा आहे की पेशंट स्वतः सहसा जात नाही, त्याला कुणीतरी नेतं तेव्हाच हा आजार सापडतो.

आधी आकडा. २०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांची एक मोठी पाहणी छापून आली, त्यात मुंबई आणि गोवाही होते. पाच हजारांहून जास्त प्रौढ माणसं तपासली, त्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, मंदावलेली निघाली, बायकांमध्ये पुरुषांच्या तिप्पट. आणि ज्यांना निघाली त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना हे माहीतच नव्हतं. ही झाली मोठी शहरं, जिथे दर चौकात लॅब आहे. मेळघाटात किंवा शिरूर कासारच्या वाडीवर काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

कुणाची तपासणी राहते, ते आधी ओळखा

लक्षणं सगळ्यांना पाठ असतात: थकवा, वजन वाढणं, केस गळणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, पाळी जास्त जाणं, आवाज घोगरा होणं, चेहऱ्यावर सूज. अडचण अशी की गरीब बाईच्या अंगावर हीच लक्षणं दिसली की प्रत्येकाला दुसरंच कारण सुचतं. चाळिशीतली असेल तर पाळी जायला आलीय, बाळंतीण असेल तर अशक्तपणा, सासरी नवीन असेल तर टेन्शन, धुणीभांडी करणारी असेल तर कामाचा शीण. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, महिना-दोन महिने जातात, फरक पडत नाही आणि मग ती बाई परत दवाखान्यात जातच नाही. थायरॉइड मंदावली की रक्तही कमी होऊ शकतं, त्यामुळे लोह घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर तेवढ्या कारणासाठीसुद्धा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) मागा.

पाळीत खूप रक्त जाण्याचं तर मी मुद्दाम वेगळं लिहितेय. थायरॉइड मंदावल्याने पाळी भरपूर आणि लांबलेली येऊ शकते, आणि ते गोळीने सुधारतं. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भपिशवी गरज नसताना काढल्याच्या तक्रारींचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकीला एकच सांगते: कुणीही पिशवी काढायला सांगितली, कितीही घाई आहे म्हटलं, तरी आधी हिमोग्लोबिन, टीएसएच आणि सोनोग्राफी, आणि शक्य असेल तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत. दरवेळी थायरॉइडच असेल असं नाही, पण टीएसएचसारखी दोन-तीनशे रुपयांची तपासणी ऑपरेशनच्या आधी व्हायलाच पाहिजे.

लग्नाच्या वयाच्या मुलींचं तर फारच वाईट वाटतं. मुलगी थकते, पाळी अनियमित आहे, गळा थोडा फुगलाय, आईला दिसतंय, पण एकदा "थायरॉइड आहे" असं कागदावर आलं की स्थळं परत जातील म्हणून तपासणीच करत नाहीत. मग लग्न होतं, दिवस राहत नाहीत किंवा राहून पडतात, आणि दोष पुन्हा तिलाच. अशा आईला समजावताना वाद घालू नका, एवढंच सांगा की गोळी चालू असेल आणि टीएसएच ताब्यात असेल तर मूल होण्यात थायरॉइड आड येत नाही, न घेतलेल्या उपचारानेच आड येतो.

पुरुषांचंही राहतं, वेगळ्या कारणाने. हा बायकांचा आजार असं डोक्यात बसलंय, त्यामुळे सुस्त झालेल्या, वाढत्या कोलेस्टेरॉलच्या माणसाला सगळं तपासून होतं आणि टीएसएच तेवढी राहते.

तपासणी: फक्त टीएसएचपासून सुरुवात

लॅबवाल्याला "थायरॉइड प्रोफाइल" म्हटलं की तो टी३, टी४, टीएसएच सगळं करतो आणि बिल वाढतं. संशय असेल तेव्हा बहुतेकांना पहिल्यांदा फक्त टीएसएच पुरते. ती बिघडलेली आली तर फ्री टी४, म्हणजे थायरॉइड बनवते त्या हार्मोनची तपासणी, करायची. अँटी टीपीओ अँटिबॉडी लागलीच तर एकदा, दरवर्षी करायची नसते. टीएसएचसाठी उपाशी राहायची सक्ती नसते, त्यामुळे "आज चहा प्यायले म्हणून गेले नाही" हे कारण राहू देऊ नका. आधीच गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट चुकू शकतो.

पैसे नसतील तर कुठे? महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत केलेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेऊन महालॅब या तपासणी सेवेकडे पाठवतात, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "टीएसएच लिहून द्याल का, रक्त इथेच घेतात की ग्रामीण रुग्णालयात जावं लागेल?" हा प्रश्न आधी आशाताईमार्फत विचारून घेतलात तर एक मजुरी वाचते. मुंबईत महापालिकेचे आपला दवाखाना आहेत, तिथे १४७ प्रकारच्या तपासण्या फुकट होतात आणि बरेचसे रात्री दहापर्यंत उघडे असतात, घरकाम करणाऱ्या बायकांना दिवसा सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी हे फार सोयीचं आहे. नवरा किंवा मुलगा कारखान्यात असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असतं, त्यावर बायको आणि अवलंबून असलेले आईवडीलही येतात, ते कार्ड कपाटात पडून राहतं, काढा बाहेर.

डॉक्टरसमोर काय बोलायचं हेही आधी ठरवा. "बरं वाटत नाही" म्हटलं की बी-कॉम्प्लेक्स मिळतं. त्यापेक्षा असं सांगा: "तीन महिन्यांपासून थकवा आहे, वजन वाढलंय, शौचाला चार दिवस होत नाही, आईला थायरॉइड होता, टीएसएच करायची आहे." घरात कुणाला होता हे जरूर सांगायचं. आणि आजीला किंवा काकूंना स्वतःच्या तोंडाने बोलू द्या, तुम्ही फक्त बाजूला बसा आणि राहिलेलं जोडा. पाळीचं, शौचाचं मुलासमोर बोलत नाहीत त्या, तर सोबत बाईमाणूस न्या.

रिपोर्ट आला, गोळी सुरू झाली, आणि खरी गळती इथे होते

टीएसएच साधारण ०.४ ते ४ नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. थायरॉइड मंदावली की हा आकडा वाढतो. १० च्या वर असेल तर बहुतेक वेळा उपचार लागतो. ४ ते १० च्या मध्ये असेल आणि टी४ ठीक असेल तर लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करायची घाई नको, दोन-तीन महिन्यांनी परत तपासून बघतात. सत्तरीच्या पुढे टीएसएच जरा वाढणं वयामुळेही असतं. ६५ च्या पुढच्या लोकांवर २०१७ साली युरोपात मोठा अभ्यास झाला, किंचित वाढलेल्या टीएसएचला गोळी देऊन थकव्यात फरक पडला नाही. म्हणजे आजोबांना ५.८ आली म्हणून घाबरू नका, उलट जास्त डोसाने म्हातारपणी हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन वगैरे नावं. किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे, एक गोळी साधारण दीड-दोन रुपयांच्या आसपास पडते, जनऔषधीत आणखी स्वस्त. एवढ्या स्वस्त औषधावर माणसं अर्धवट का राहतात, तर पहिलं कारण म्हणजे २५ ची (२५ मायक्रोग्रॅमची) गोळी सुरू होते आणि त्यानंतर कुणी परत टीएसएच करतच नाही. वयस्कांना आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना कमी डोसवरच सुरू करतात हे बरोबर, पण तो चढवायचा असतो. थायरॉइड पूर्ण बंद पडलेल्या तरुण माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ८८ च्या आसपास. तीन-तीन वर्षं २५ वर बसलेल्या बायका मी बघितल्यात, त्यांना वाटतं आपण गोळी घेतोय म्हणजे उपचार झाला. डोस स्वतः वाढवू नका, पण गोळी सुरू झाल्यापासून किंवा डोस बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच झालीच पाहिजे, तारीख कॅलेंडरवर लिहा, भिंतीवरच्या. ताब्यात आली की वर्षातून एकदा-दोनदा.

आता रिकाम्या पोटाचा प्रश्न. डॉक्टर एका दमात सांगतात, "सकाळी उपाशीपोटी, नंतर तासभर काही नाही." ऐकणारी बाई पहाटे साडेचारला उठते, पाण्याची वेळ पाचची, चूल किंवा गॅस पेटला की सगळ्यांचा चहा, त्यातला अर्धा कप ती उभ्यानेच पिते, डबे, मग कामाला. चहाशिवाय तिचं अंग हलत नाही आणि तो तासभर तिच्या दिवसात नाहीच. मग ती चहासोबत गोळी घेते आणि औषध अंगाला लागत नाही, किंवा गोळी सोडते. यावर दोन उपाय आहेत जे दवाखान्यात सांगायला वेळ नसतो. गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, डोळा उघडला की आधी गोळी, मग बाकी सगळं, चहा होईपर्यंत अर्धा-पाऊण तास आपोआप जातो. तेही जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या, जेवणाला तीन तास झालेले असले की रात्रीची गोळीही तितकीच चालते, यावर अभ्यास झालेले आहेत. फक्त रोज एकच वेळ ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची पातळ औषधं मात्र चार तास लांब.

एखादा दिवस राहिली तर घाबरायचं कारण नाही, हे औषध अंगात आठवडाभर रेंगाळतं, कालची राहिली असेल तर आज दोन घेतल्या तरी बहुतेकांना चालतं. हृदयरोग असेल तर हे विचारूनच करा.

बाटलीवरचं सगळं इंग्रजीत असतं. ५० ची संपली म्हणून मेडिकलवाला २५ ची देतो, "दोन घ्या" म्हणतो, ते घरी पोचेपर्यंत विसरलेलं असतं. पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ठळक मराठी आकड्यात डोस लिहा, आणि संपत आलेली बाटली फेकू नका, तीच दुकानात दाखवायला न्या. ब्रँड बदलला तर दोन महिन्यांनी टीएसएच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे खास सांगा. दिवाळीच्या आसपास गाडी निघते ती मार्च-एप्रिलला परतते. काही ब्रँडच्या १०० किंवा १२० गोळ्यांच्या बाटल्या येतात, म्हणजे एकात साडेतीन-चार महिने, दोन घेतल्या तर हंगाम निघतो. निघायच्या आधी टीएसएच करून डोस पक्का करा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, उन्हाने आणि चुलीने गरम होतं, आणि हे औषध उष्णता, ओल, उजेड तिन्हीने खराब होतं, म्हणून बाटली मूळचीच ठेवा, गोळ्या पुडीत काढू नका, आणि ती कपड्यांच्या गाठोड्यात आत ठेवा, छपराला अडकवू नका.

गरोदर बाई आणि नवजात बाळ

इथे उशीर परवडत नाही. पहिले तीन महिने बाळाच्या मेंदूला आईच्याच थायरॉइडचा आधार असतो. आधीपासून गोळी चालू असेल तर पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, डोस साधारण पाव हिश्श्याने वाढवावा लागतो. "पोटुशी आहे, औषधं नको" म्हणून गोळी बंद करणाऱ्या सासूबाईंना शांतपणे सांगा की ही गोळी बाळासाठीच आहे. ज्यांना आधी माहीत नाही पण गर्भपात झालाय, दिवस उशिरा राहिलेत, गळ्याला गाठ आहे, आई-बहिणीला थायरॉइड आहे, वय तिशीच्या पुढे आहे, त्यांनी पहिल्याच तपासणीत टीएसएच मागा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना विशेष तपासणी असते, तिथे डॉक्टर हमखास भेटतात. गोळ्यांचं वेळापत्रक असं बसवा: थायरॉइडची पहाटे, कॅल्शियम दोन्ही जेवणांसोबत, लोहाची झोपताना.

बाळाचं. आपल्या देशात साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळाची थायरॉइड जन्मतः कमी असते, जगातल्या अनेक देशांपेक्षा हे जास्त आहे. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत, आणि दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालं तर मूल बाकी मुलांसारखंच शिकतं-वाढतं. उशीर झाला तर मतिमंदत्व येतं आणि ते मागे फिरत नाही. गोव्यात २००८ मध्येच सरकारने नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात महागड्या खासगी हॉस्पिटलच्या पॅकेजमध्ये ती असते आणि बाकी ठिकाणी कुणी विचारलं तर होते, हा फरक मला सगळ्यात जास्त सलतो. म्हणून डिस्चार्जच्या आधी विचाराच: "बाळाची टाचेची थायरॉइड तपासणी झाली का, रिपोर्ट कुणाच्या फोनवर येणार?" फोन नंबर असा द्या जो माहेरी गेल्यावरही लागेल. आणि बाळ फार शांत आहे, रडत नाही, सारखं झोपतं, दूध ओढताना दमतं, कावीळ दोन-तीन आठवडे उतरत नाही, बेंबी फुगलीय, तर "गुणाचं बाळ आहे" म्हणून कौतुकात दिवस घालवू नका, तपासा.

जास्त तपासण्यांचाही त्रास असतो

एकीकडे टीएसएच मिळत नाही आणि दुसरीकडे शहरात फुल बॉडी चेकअपमध्ये गळ्याची सोनोग्राफीही करून टाकतात. दक्षिण कोरियात हेच झालं, स्वस्तात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पट वाढलं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. तेव्हा गळ्यात हाताला गाठ लागत नसेल, आवाज बदललेला नसेल, गिळायला त्रास नसेल तर सोनोग्राफी मागून घेऊ नका. गाठ हाताला लागतेय तर मात्र टाळू नका, आणि ऑपरेशन ठरलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की महात्मा फुले योजनेत (राज्याच्या मोफत उपचार योजनेत) बसतं का.

मिठाचं थोडक्यात. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून पुन्हा बंदी आहे, तरी आठवडी बाजारात पोत्यातलं खडे मीठ मिळतं, आणि उलट सधन घरात आरोग्याच्या नावाखाली रोजच्या स्वयंपाकाला सैंधव किंवा गुलाबी मीठ आलंय, त्यातही सहसा आयोडीन नसतं. उपवासापुरतं ठीक, रोज नको. काही जिल्ह्यांत आशाताईंकडे मीठ तपासायचं किट असतं, थेंब टाकला की निळं-जांभळं होतं. मात्र थायरॉइड आधीच मंदावलेली असेल तर जास्त मीठ खाऊन ती बरी होत नाही, गोळी लागतेच. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ले तर काही होत नाही.

थायरॉइड जास्त काम करत असेल तर

वजन झपाट्याने उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, डोळे मोठे दिसणं. गरीब वस्तीत अशा माणसाला आधी टीबी समजतात, तरुण मुलगी असेल तर घाबरट. टीएसएच खूप खाली असेल तर ही थायरॉइड जास्त चाललीय, इथे शेजारणीची थायरॉइडची गोळी घेणं धोक्याचं आहे. औषध बहुतेक कार्बिमॅझोल देतात. ते चालू असताना ताप आणि घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून वाट बघत बसू नका. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, औषध बदलावं लागतं.

जास्त चाललेली थायरॉइड ताब्यात आणायला काहींना किरणोत्सारी आयोडीन देतात. त्याची सोय मोजक्या शहरांत आहे. मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हेच काम करतंय. एकदाच प्यायचं औषध असतं, पण नंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं असतं. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे हे कसं जमणार, आणि हे कुणी विचारत नाही. तुम्हीच आधी सांगा की आमच्याकडे एकच खोली आहे, मग किती दिवस लांब राहायचं ते नेमकं विचारून मुलांना तेवढे दिवस मामाकडे पाठवायची सोय करूनच तारीख घ्या. बायकांनी त्यानंतर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. आणि बहुतेकांची थायरॉइड पुढे मंदावते, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी फ्री टी४ आणि टीएसएच करायची चिठ्ठी तिथून निघतानाच मागून घ्या.